पाणी कुणाचं? ‘फॉलआउट’मधल्या कामगिऱ्या आणि कर्माचा हिशोब



आजचा विषय व्हिडिओ गेमचा आहे हे पाहून आमच्या वयाच्या काही श्रोत्यांनी आजच्यापुरती रजा घेतली असेल. जे थांबले आहेत त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख.

‘फॉलआउट’ ही अमेरिकेत तयार झालेली गेमची मालिका. पहिला गेम १९९७चा, ‘इंटरप्ले’ या कंपनीचा. कल्पना अशी की २०७७ साली अणुयुद्ध झालं आणि जग काही तासांत बेचिराख झालं. काही माणसं जमिनीखालच्या ‘व्हॉल्ट’ नावाच्या तळघरांत वाचली, काही वरच किरणोत्साराने विद्रूप होऊन जगत राहिली. त्यानंतर कधी ऐंशी, कधी दोनशे वर्षांनी आपण त्या जगात पाऊल टाकतो. २०२४ साली यावर वेबसिरीज आली, त्यामुळे आता हे नाव पुष्कळ घरांत माहीत आहे.

आम्ही हे गेम नातवाच्या संगतीने खेळलो. आमची बोटं मंद, म्हणून गोळीबार त्याच्याकडे आणि बोलणं आमच्याकडे, अशी वाटणी होती. ही वाटणी या मालिकेला शोभतेही, कारण हिच्यातलं उत्तम ते सगळं बोलण्यात आहे, बंदुकीत नाही.

आता ‘क्वेस्ट’. क्वेस्ट म्हणजे कुणीतरी सोपवलेली कामगिरी. अमुक वस्तू आण, तमुक माणसाला शोध, गावावरचं संकट टाळ. आपल्या कहाण्यांतला राजपुत्र अशाच कामगिऱ्यांवर निघायचा. पण कहाणीत राजपुत्राला ‘हे काम योग्य आहे का’ असं कुणी विचारत नाही. या गेममध्ये तो प्रश्न येतो, निदान यायला हवा. कामगिरी चांगली की सुमार हे आम्ही एकाच गोष्टीवरून ठरवतो: काम उरकल्यावर खेळणाऱ्याला कुणी जाब विचारू शकतं का? बक्षीस किती मिळालं, शत्रू किती मोठा होता, हे आमच्या लेखी दुय्यम.

आणि ही मालिका तपासायला आम्ही एकच धागा घेणार आहोत, पाण्याचा. का, ते सोलापूरकराला सांगायला नको. उजनी धरण भरलेलं असतं, नळ कोरडा असतो. पाणी किती दिवसांआड येणार ते बघून घरात लग्नाची बोलणी ठरतात. अशा शहरात बसून हे गेम खेळले की पाण्याच्या कामगिऱ्या वेगळ्याच दिसतात. आणि गंमत म्हणजे मालिकेच्या जवळजवळ प्रत्येक भागात पाणी आहेच.

पहिल्या गेमची सुरुवातच पाण्याने होते. तेरा नंबरच्या व्हॉल्टमध्ये पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची एक चिप बिघडली आहे. व्हॉल्टचा प्रमुख तुम्हाला सांगतो, बाहेर जा, नवी चिप आणा, दीडशे दिवसांचं पाणी आहे. बस्स. तुम्ही जगाचे तारणहार नाही, भविष्यवाणीतले वीर नाही. तुम्हाला नळदुरुस्तीचं सामान आणायला धाडलंय. आणि दिवस खरोखर मोजले जातात. वाळवंटात इकडून तिकडे चाललात की दिवस जातात, जखम बरी करत बसलात की दिवस जातात. दीडशे संपले की खेळ संपला.

‘हब’ नावाच्या व्यापारी गावात पाण्याचे व्यापारी आहेत. त्यांना पैसे मोजले तर ते व्हॉल्टकडे पाण्याचा तांडा पाठवतात आणि तुम्हाला आणखी शंभर दिवस मिळतात. टँकर मागवण्याचाच प्रकार. पण त्या तांड्यामुळे व्हॉल्टचा ठावठिकाणा फुटतो, आणि शत्रूची फौज तिथे लवकर पोहोचू शकते. आज तहान भागवली त्याची किंमत नंतर, आणि तीही दुसऱ्यांनी द्यायची. (ही दुसरी मुदत लोकांना जाचक वाटली म्हणून पुढे कंपनीनेच दुरुस्ती काढून ती जवळपास रद्द केली. आमच्या मते गेम तेवढा सैल झाला.)

चिप सापडते ती ‘नेक्रोपोलिस’ या गावाखाली. तिथे राहतात ‘घूल’, म्हणजे किरणोत्साराने कातडी झडलेली, पण मनाने शाबूत माणसं. त्यांचं पाणीही त्याच चिपवर चालतं. ती उचलून चालू लागलात तर तेरा नंबरचा व्हॉल्ट वाचतो आणि हे लोक तहानेने मरतात. पण गटारात राहणाऱ्या काही घूलांशी तुम्ही बोललात तर कळतं की गावात एक जुना पंप आहे, तो दुरुस्त झाला तर चिपची गरज उरणार नाही. मग सुटे भाग शोधा, पंप चालू करा, आणि चिप न्या. गेम याची सक्ती करत नाही. दिवस तर सरत असतात. तुमचा स्वतःचा गाव तहानलेला असताना दुसऱ्याच्या पंपासाठी तुम्ही थांबता की नाही, एवढाच प्रश्न, आणि तो विचारायला कुणी समोर उभंही नसतं. पंप तसाच सोडून गेलात तर गेम ओरडत नाही. शेवटी निवेदक एका वाक्यात त्या गावाचं काय झालं ते सांगतो.

आम्ही तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हा ‘दोन कर्तव्यांत संघर्ष’ हा पाठ शिकवायला परदेशी पुस्तकांतली रेल्वेची उदाहरणं द्यावी लागत. गाडी येतेय, खटका ओढू की नको. या उदाहरणात माणसाकडे वेळ नसतो, माहिती नसते, आणि तिसरा मार्ग शोधायची मुभाही नसते. नेक्रोपोलिसची कामगिरी त्याहून खरी आहे. इथे तिसरा मार्ग आहे, फक्त त्यासाठी गटारात उतरून दुर्लक्षित माणसांशी बोलावं लागतं.

आणि शेवट? सगळं करून तुम्ही घरी परतता, तर प्रमुख दारातच अडवतो. तुम्ही आम्हाला वाचवलंत, पण बाहेरच्या जगाने तुम्ही बदललात, पोरं तुमच्यामागे जातील, तेव्हा आत यायचं नाही. ज्याने पाणी आणलं त्यालाच गावाबाहेर काढलं. हा शेवट लिहिणाऱ्यांना आमचा दंडवत.

दुसरा गेम पुढच्याच वर्षी आला, १९९८ साली. तो विनोदी आहे, पसरट आहे, कधी कधी पोरकट आहे. त्यात आम्ही फार रमलो नाही. पण एक कामगिरी सांगतो. ‘गेको’ नावाच्या घूलांच्या वस्तीत जुनी अणुभट्टी गळतेय आणि तिचं विष शेजारच्या ‘व्हॉल्ट सिटी’च्या भूजलात उतरतंय. व्हॉल्ट सिटी स्वच्छ, शिकलेली, स्वतःवर खूश, आणि ‘नोकर’ या गोड नावाखाली गुलाम बाळगणारी. भट्टीला लागणारा सुटा भाग व्हॉल्ट सिटीकडे आहे, भट्टी गेकोकडे आहे, आणि दोघं एकमेकांशी बोलायला तयार नाहीत. वरच्या अंगाला जे सोडलं जातं ते खालच्या अंगाला प्यावं लागतं, हे भीमेकाठच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही. फक्त तिथे वरच्या अंगाला गरीब आहेत आणि खाली श्रीमंत; आपल्याकडे चित्र वेगळं आहे.

यानंतर दहा वर्षं गेली, मालिका ‘बेथेस्डा’ या दुसऱ्या कंपनीकडे गेली, आणि २००८ साली तिसरा गेम आला. भारतापुरतं याचं एक प्रकरण झालं. मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन एक्सबॉक्सवरचा ‘फॉलआउट ३’ भारतात विकायला आणला नाही. नेमकं काय खटकलं ते कंपनीने उघड केलं नाही. लोकांनी तर्क लढवला की या मालिकेत दोन तोंडांच्या गायी आहेत आणि त्यांना ‘ब्राह्मिन’ म्हणतात, त्यामुळे घोटाळा झाला असणार. असेलही. अमेरिकेत गायींच्या एका जातीला ‘ब्रह्मन’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला असावा. लिहिणाऱ्यांच्या मनात कुणाचा अपमान असेल असं आम्हाला वाटत नाही.

आमचं म्हणणं वेगळं आहे. शब्दावर आक्षेपच घ्यायचा होता तर गायीच्या नावावर कशाला, ‘कर्म’ या शब्दावर घ्यायचा! या गेममध्ये ‘कर्मा’ नावाचा एक आकडा आहे. चोरी केली, उणे. मदत केली, अधिक. गावांबाहेर पाण्यासाठी व्याकूळ झालेला भिकारी बसलेला असतो. त्याला शुद्ध पाण्याची एक बाटली दिली की आकडा वाढतो. पुन्हा दिली, पुन्हा वाढतो. आणि याच गेममध्ये ‘मेगाटन’ नावाचं एक गाव आहे, न फुटलेल्या अणुबॉम्बभोवती वसलेलं. एक सुटाबुटातला गृहस्थ तुम्हाला पैसे देऊ करतो, बॉम्ब उडवा म्हणून, कारण कुणा धनिकाला आपल्या मनोऱ्यावरून दिसणारं हे गाव डोळ्यांना खुपतंय. तुम्ही उडवलंत, तर आकडा कोसळतो. पण पुरेशा बाटल्या वाटल्या की पुन्हा वर येतो.

हे कर्म नव्हे, हे पासबुक आहे. कर्मविचाराच्या आपल्याकडे अनेक परंपरा आहेत, मतभेद आहेत, बुद्धाने त्यात चेतनेला म्हणजे हेतूला मध्यभागी ठेवलं, जैनांनी कर्माला जवळजवळ पदार्थच मानलं. पण केलेल्या गोष्टीचं फळ त्या गोष्टीच्या जातीचं असतं, याबद्दल सहसा दुमत नाही. गाव जाळल्याचं फळ पाणपोईने पुसलं जात नाही. आणि पाण्याचं म्हणाल तर भिकाऱ्याला बाटली देण्याचा हा प्रकार आम्हाला फारच टोचला. १९२७ साली महाडच्या तळ्यावर जे पाणी प्यायलं गेलं ते कुणी दिलेलं दान नव्हतं, तो हक्क होता. पाणी देणाऱ्याचं पुण्य वाढावं म्हणून तहानलेला माणूस रस्त्याच्या कडेला बसवून ठेवायचा, ही कल्पनाच मुळात दात्याच्या बाजूने लिहिलेली आहे.

पण न्याय दोन्ही बाजूंनी करायचा असतो. याच तिसऱ्या गेममध्ये एक कामगिरी अशी आहे की जी हे पासबुकच फाडते. त्या धनिकाच्या मनोऱ्यात, ‘टेनपेनी टॉवर’मध्ये, सुखवस्तू माणसं राहतात, घूलांना आत प्रवेश नाही. रॉय फिलिप्स नावाचा घूल दाराशी भांडतोय. तुम्ही घूलांना मारू शकता, मनोरा त्यांच्या ताब्यात देऊ शकता, किंवा रहिवाशांना समजावून सगळ्यांना एकत्र राहायला लावू शकता. आम्ही अर्थातच तिसरा मार्ग घेतला, दारोदार फिरून लोकांची मनं वळवली. कर्माचा आकडा वाढला. काही दिवसांनी परत गेलो तर मनोऱ्यात एकही जुना रहिवासी दिसेना. प्रेतं तळघरात होती. रॉयने सांगितलं, थोडा वाद झाला.

नातू चिडला, म्हणाला, आजोबा, ही फसवणूक आहे. आम्हाला मात्र हा तिसऱ्या गेममधला सगळ्यात प्रामाणिक क्षण वाटला. सद्हेतू होता, मार्ग शांततेचा होता, आणि तरीही ज्यांनी आमच्या शब्दावर दार उघडलं ती माणसं मेली. आकडा एक सांगत होता, तळघर दुसरं. तक्रार करायचीच तर एवढी करता येईल की रॉयच्या मनात काय आहे हे ताडून बघायची पुरेशी संधी लेखकाने दिली नाही. ती दिली असती तर ही कामगिरी नेक्रोपोलिसच्या पंगतीला बसली असती.

तिसऱ्या गेमचं मुख्य कथानकही पाण्याचंच. नायकाचे वडील नदीचं अख्खं पाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प उभा करत असतात, सगळ्यांना फुकट शुद्ध पाणी मिळावं म्हणून. शेवटी यंत्र सुरू करायला किरणोत्साराने भरलेल्या खोलीत जावं लागतं, आणि जाईल तो मरेल. स्वतः जा, नाहीतर सोबतच्या लढवय्या बाईला पाठवा. पण तुमच्याबरोबर फॉक्स नावाचा एक राक्षसी देहाचा सज्जन सोबती असू शकतो, त्याच्यावर किरणोत्साराचा परिणामच होत नाही! त्याला म्हटलं, बाबा तू जा, तर तो म्हणतो की हे तुमचं विधिलिखित आहे. खेळणाऱ्यांनी एवढी ओरड केली की २००९ साली जोडभाग काढून कंपनीने त्याला आत जाऊ दिलं. आणि तरीही तुम्ही त्याला पाठवलंत तर निवेदक तुम्हालाच कमी लेखतो. हौतात्म्य गरजेतून येतं, सजावट म्हणून नाही. जिथे मरण टाळता येत होतं तिथे मरायला लावणं हे कथेचं अपयश आहे, नायकाचा त्याग नव्हे.

त्या जोडभागात एक छान गोष्ट मात्र आहे. पाणी शुद्ध झालं, आता ते पोहोचवायचं कसं? तांडे लुटले जातात, कुणी दूषित पाणीच बाटलीत भरून औषध म्हणून विकतो, कुणी त्याचा पंथ काढतो. धरण बांधून झाल्यावर खरी गोष्ट सुरू होते, हे मुख्य कथेने सांगायला हवं होतं ते पुरवणीत आलं.

आता ‘न्यू व्हेगास’. २०१०, ‘ऑब्सिडियन’ कंपनी, आणि पहिल्या दोन गेमवर काम केलेली काही मंडळी इथे होती. आमच्या मते मालिकेतला हा सर्वश्रेष्ठ भाग. इथे हूव्हर धरण कुणाच्या ताब्यात राहणार यावरच सगळं युद्ध आहे. एका बाजूला ‘एन.सी.आर.’ हे लोकशाही प्रजासत्ताक, पसरत चाललेलं, कर लावणारं, थकलेलं. दुसऱ्या बाजूला ‘सीझर’ नावाचा हुकूमशहा आणि त्याची गुलामांची फौज. तिसरा व्हेगासचा मालक मिस्टर हाऊस. किंवा तुम्ही स्वतः.

सीझर तुम्हाला तंबूत बसवून चक्क हेगेल शिकवतो. प्रजासत्ताक हा पक्ष, माझी फौज हा प्रतिपक्ष, दोहोंच्या टकरीतून समन्वय निघेल. हे ऐकून आमचा चहा सांडायचा बाकी राहिला. पक्ष, प्रतिपक्ष, समन्वय ही त्रयी हेगेलच्या नावावर खपते, पण ती त्याने आपल्या पद्धतीला लावलेली चौकट नाही. तिचं मूळ फिख्टेकडे जातं. म्हणजे सीझरने हेगेल वाचला असेल तर गाईडमधून वाचला असावा. पूर्वी आम्ही असल्या उत्तरपत्रिका ढिगाने तपासल्या. लेखकांना हे ठाऊक होतं की नव्हतं, कोण जाणे, पण पात्राला ते फिट्ट बसतं: अर्धं पुस्तक वाचून पूर्ण इतिहास आपल्या बाजूने आहे असं ठरवणारा माणूस.

पण आमची आवडती कामगिरी त्या तंबूत नाही. तिचं नाव ‘द व्हाइट वॉश’. एन.सी.आर.चा व्हाइट नावाचा एक शिपाई बेपत्ता आहे, त्याचा शोध घ्या म्हणून लेफ्टनंट बॉइड सांगते. माग काढत तुम्ही प्रजासत्ताकाने वसवलेल्या वाटेकरी शेतकऱ्यांकडे येता. त्यांना पाणी कमी पडतंय, पिकं वाळताहेत, आणि कोटा तर भरायचाच आहे. तो शिपाई या पाण्याच्याच तपासाला लागला होता. माग पुढे जातो तो ‘वेस्टसाइड’ या गरीब वस्तीत. तिथल्या लोकांनी सहकारी शेती उभी केली आहे, आणि तिला पाणी येतं ते प्रजासत्ताकाच्या जलवाहिनीतून गुपचूप वळवलेलं. वळवणारा टॉम अँडरसन हा कुणी गुंड नाही. लोकांना औषध आणि शिक्षण देणाऱ्या एका सेवाभावी संघटनेचा माणूस आहे. शिपायाला चोरी कळली, तो ती उघड करणार होता, म्हणून अँडरसनने त्याला मारलं. आता तो तुम्हालाच विनवतो की गप्प बसा, हे लोक उपाशी मरतील.

बघा, इथे काय काय एकत्र आलं. पाणी चोरीचं आहे. पण ज्यांच्या वाट्याचं चोरलं तेही गरीबच. शिपाई प्रामाणिक होता. खुनी परोपकारी आहे. तुम्ही खून एका गुंडांच्या टोळीवर ढकलू शकता, अँडरसनला पकडून देऊ शकता, किंवा वाक्चातुर्य असेल तर त्याला सांगू शकता की तू स्वतःला हवाली कर, म्हणजे वस्तीचं पाणी चालू राहील. तो तिसरा मार्ग आम्ही घेतला. वस्तीचं पाणी वाचलं, खुनाचा न्याय झाला. पण शेतातलं पाणी काही वाढलं नाही. वाटेकऱ्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

२०२१ साली उजनीतलं पाच टीएमसी पाणी इंदापूरकडे देण्याचा निर्णय झाला, सोलापूर जिल्ह्यात आंदोलनं पेटली आणि तो आदेश मागे घ्यावा लागला, हे तुम्हाला आठवत असेल. सोलापूरकर म्हणून आमचं मत कोणत्या बाजूला होतं ते उघड आहे. पण इंदापूरचा कोरडवाहू शेतकरीही तहानलेलाच होता. ‘द व्हाइट वॉश’ खेळताना आम्हाला ती भांडणं आठवली, आणि दोन गरिबांच्या मधोमध जलवाहिनी ठेवून त्यांना लढू देणारा वरचा माणूस कोण, हा प्रश्नही आठवला. गेम त्या माणसाचं दार दाखवत नाही. इथे तो आम्हाला थोडा कमी वाटला.

न्यू व्हेगासमध्ये कर्माचा आकडा आहे, पण नावापुरता. खरं चालतं ते लौकिकावर, आणि तोही प्रत्येक समाजाकडे वेगळा. शिवाय सुकीर्ती आणि दुष्कीर्ती या दोन वह्या स्वतंत्र. एका गावाचं भलंही केलंत आणि बुरंही, तर दोन्ही लक्षात राहतं. एकाने दुसरं फिटत नाही. पासबुकाला हे उत्तर आहे, आणि कर्मविचाराच्या खूप जवळचं. त्या शब्दाशिवाय.

चौथ्या गेमबद्दल, २०१५च्या, थोडक्यात. घर बांधता येतं, वस्ती वसवता येते, बॉस्टन शहर देखणं उभं केलंय. कर्माचा आकडा काढून टाकला, हे बरं केलं. पण त्याच्या जागी जाब विचारणारं दुसरं काही ठेवलं नाही. बोलायला चारच पर्याय: हो, जरा थांब, टोमणा, आणि आणखी सांग. बहुतेक वेळा चारही वाटा ‘हो’लाच जातात. प्रेस्टन गार्वी नावाचा भला माणूस तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगतो की आणखी एका वस्तीला मदत हवी आहे. त्या वस्त्या यंत्राने चिठ्ठी काढावी तशा निवडलेल्या असतात. आज वाचवलेली वस्ती पुढच्या आठवड्यात पुन्हा संकटात. मागणाऱ्याला चेहरा नाही, त्यामुळे नकार देण्यातही अर्थ नाही आणि होकारातही. आणि पाणी? नदीकाठी शुद्धीकरणाची यंत्रं बसवा, वस्तीची गरज भागून उरलेलं पाणी आपोआप तुमच्या पेटीत जमा होतं, ते विका. श्रीमंत व्हायचा हा हमखास मार्ग आहे, नातवाने तो पहिल्या आठवड्यातच शोधला. पहिल्या गेममध्ये ज्या पाण्यासाठी दिवस मोजले, ते इथे दुकानातला माल झालं. कुणाचं आहे, कुणाला मिळत नाही, हे विचारायला एकही पात्र पुढे येत नाही. (यू.एस.एस. कॉन्स्टिट्यूशन जहाजावरच्या यंत्रमानवांची कामगिरी मात्र जरूर करा, ती निखळ आनंदाची आहे.)

२०१८चा ‘फॉलआउट ७६’ आम्ही थोडाच पाहिला. सुरुवातीला त्यात जिवंत माणसंच नव्हती. बऱ्याचशा कामगिऱ्या मेलेल्यांच्या ध्वनिफितींतून आणि चिठ्ठ्यांतून मिळायच्या. लोकांनी नावं ठेवली आणि २०२० साली माणसं परत आणली गेली. पितृऋण मानणाऱ्या संस्कृतीतल्या माणसाला यात काही तरी सापडायला हवं होतं. मेलेल्याने सांगितलेलं काम आपण का करतो? त्याला तर जाब विचारता येत नाही. यावर कुणा विद्यार्थ्याने सवडीने लिहावं, आम्ही वाचू.

दोघातिघांनी आधीच लिहून विचारलंय की नवख्याने कुठून सुरुवात करावी. पहिला गेम आज खेळायला चिवट आहे. चित्रं जुनी, बटणं अडाणी. धीर असेल तर तिथून. नसेल तर सरळ न्यू व्हेगास घ्या. त्यात ‘द व्हाइट वॉश’ आली की एक करा: अँडरसनकडे जाण्याआधी शेतातल्या त्या वाटेकऱ्यांशी नीट बोलून घ्या. आपलं पाणी कुठे जातंय हे त्यांना ठाऊक नसतं, आणि तुम्हाला कळल्यावर त्यांना ते सांगायचं की नाही, हे गेमने कुठल्याही यादीत लिहिलेलं नाही.

चला, प्रश्न घेऊ.